मोडेमचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नेमका ठेवायचा कुठे?

लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, सोर्स उघडा आणि ड्रायव्हर्सच्या फोल्डरमध्ये "मोडेम" नावाचा सबफोल्डर शोधा. नाहीये. नेटवर्क कार्डाला जागा आहे, यूएसबीला आहे, अगदी एलईडीच्या दिव्यांनासुद्धा स्वतःचा फोल्डर आहे, पण मोडेम, ज्याच्या जिवावर एके काळी घरोघरचं इंटरनेट चालायचं आणि जो आजही प्रत्येक मोबाइलमध्ये बसलेला आहे, त्याला कायमचा पत्ता नाही. शोधत गेलं की तुकडे सापडतात. काही टीटीवायमध्ये, म्हणजे टर्मिनल आणि सिरियल पोर्टच्या फोल्डरमध्ये, काही यूएसबी-सिरियलमध्ये, काही नेटमध्ये, काही चक्क साउंडमध्ये, आणि एकदोन यूएसबी-स्टोरेजमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हच्या शेजारी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हा निव्वळ गबाळेपणा आहे. थोडा आहेही. पण बराचसा नाहीये, आणि तो का नाही ते कळलं की ड्रायव्हर म्हणजे काय, कर्नल म्हणजे काय, हेही बऱ्यापैकी उलगडतं.

आधी एक गोष्ट. ड्रायव्हर कुठल्या फोल्डरमध्ये ठेवला याने एवढं काय बिघडतं असं वाटेल, फाइलच तर आहे, इकडे काय नि तिकडे काय. पण फोल्डर म्हणजे नुसतं कपाट नाही. ड्रायव्हर नेटमध्ये गेला की त्याला नेटवर्कचा सगळा तयार कोड वापरायला मिळतो, पॅकेटच्या रांगा, आकडेवारी, सगळं, आणि त्याचे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, नेटवर्कवाले मेंटेनर, म्हणजे तो भाग सांभाळणारे लोक, तपासतात. टीटीवायमध्ये गेला की टर्मिनलचा कोड आणि टर्मिनलवाले लोक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमला ते डिव्हाइस कसं दिसणार हेही तिथेच ठरतं. डेव्ह फोल्डरमधली एक फाइल म्हणून, का नेटवर्क इंटरफेस म्हणून, का साउंड कार्ड म्हणून. हे एकदा दिसलं की दिसलं, कारण चालू असलेले युजर प्रोग्रॅम कर्नलच्या नव्या व्हर्जनने मोडायचे नाहीत हा लिनक्सचा कडक नियम आहे. आतला कोड उद्या हलवता येतो, बाहेरचा चेहरा सहसा बदलता येत नाही. सगळं घोडं तिथेच अडतं.

आता सुरुवातीपासून. हेजचा स्मार्टमोडेम १९८१ मध्ये आला, वेग ३०० बिट दर सेकंदाला. तो कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टला बाहेरून जोडायचा, आणि त्याची खरी हुशारी अशी की त्याच वायरवरून त्याला हुकूमही द्यायचे आणि डेटाही पाठवायचा. एटी असं लिहून पुढे कमांड, म्हणजे एटीडी आणि पुढे फोन नंबर की तो डायल करणार, फोन लागला की तीच वायर डेटाची होणार, आणि परत हुकूम द्यायचा असेल तर थोडा वेळ गप्प बसायचं, तीन वेळा अधिकचं चिन्ह पाठवायचं, परत गप्प बसायचं. अशा मोडेमसाठी कर्नलमध्ये मोडेमचा ड्रायव्हर लागतच नाही! कर्नलला फक्त सिरियल पोर्ट चालवता आलं पाहिजे. पलीकडे मोडेम आहे का प्रिंटर आहे का दुसरा कॉम्प्युटर, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. डायल करणं, पासवर्ड देणं, एंगेज लागला तर परत प्रयत्न करणं हे सगळं बाहेरच्या प्रोग्रॅमने करायचं.

मग सिरियल पोर्टचा ड्रायव्हर तरी कर्नलमध्ये का, तोही बाहेर का नको? इथे जरा आकडेमोड करू. ५६के मोडेमला कॉम्प्युटर सहसा १,१५,२०० बिटच्या वेगाने बोलायचा, कारण मोडेम डेटा दाबून पाठवायचा आणि उलगडल्यावर तो जास्त व्हायचा. एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट, म्हणजे दर ८७ मायक्रोसेकंदाला एक बाइट. जुन्या ८२५० चिपमध्ये आलेला एकच बाइट ठेवायला जागा होती. पुढचा पूर्ण यायच्या आत तो उचलला नाही तर गेला, परत मिळणार नाही. ८७ मायक्रोसेकंदात एखाद्या साध्या प्रोग्रॅमला झोपेतून उठवून प्रोसेसरवर आणणं त्या काळच्या मशीनवर भरवशाचं नव्हतं, इंटरप्ट, म्हणजे चिपने मारलेली हाक, आल्याआल्या कर्नलनेच तो उचलून बफरमध्ये टाकणं हाच मार्ग. नंतर १६५५०ए चिप आली, तिच्यात १६ बाइटची रांग, ती पूर्ण भरायला साधारण १.४ मिलिसेकंद लागतात, मग जरा श्वास घ्यायला वाव मिळाला. म्हणजे पहिली कसोटी ही: जे काम वेळेत झालं नाही तर डेटाच हरवतो ते कर्नलमध्ये, जे थोडं उशिरा झालं तरी चालतं ते बाहेर. नंबर डायल करायला अर्धा सेकंद उशीर झाला तर कोणाचं काही जात नाही.

ही छान आखलेली रेघ पुसली सॉफ्टमोडेमने, ज्याला लोक विनमोडेम म्हणायचे. नव्वदच्या दशकात मोडेम स्वस्त करायच्या नादात कंपन्यांनी त्यातली सिग्नल प्रोसेसिंगची चिपच काढून टाकली. कार्डावर उरलं काय, तर फोन लाइनला जोडणारं सर्किट आणि आवाजाचे आकडे करणारा भाग, बाकी सगळं गणित कॉम्प्युटरच्या प्रोसेसरने करायचं. व्ही.९० या ५६के मोडेमच्या मानकात सेकंदाला ८,००० नमुने, न थांबता, म्हणजे १० मिलिसेकंद दुर्लक्ष झालं की ८० नमुन्यांचा हिशोब थकला, आणि जास्त थकला की दोन्हीकडचे मोडेम परत पहिल्यापासून एकमेकांचा अंदाज घ्यायला लागतात, किंवा लाइनच तुटते.

मग हे गणित कर्नलमध्ये घालायचं का? वेळेची कसोटी लावली तर उत्तर हो येतं. पण कर्नलच्या आत दशांश आकड्यांचं गणित सरळ करता येत नाही, प्रोसेसरच्या त्या भागाची सध्याची अवस्था आधी जपून ठेवावी लागते आणि ते चालू असताना दुसऱ्या कामाला मध्ये येऊ देता येत नाही. शिवाय हा कोड प्रचंड, आणि बहुतेक कंपन्यांनी तो सोर्सशिवाय बंद डब्यातून दिलेला. तो कर्नलमध्ये घुसवून मशीन अडकलं तर कुठे अडकलं ते कोण शोधणार? म्हणून शहाणी मांडणी अशी झाली की नमुने आणणं-नेणं कर्नलमध्ये आणि गणित बाहेर. आता नमुने आणणं-नेणं म्हणजे काय? ठरावीक वेगाने आवाजाचे आकडे आत घ्यायचे आणि बाहेर सोडायचे. हे तर साउंड कार्डाचं काम! इंटेलच्या चिपसेटमध्ये एसी-९७ नावाची जी ऑडिओची जोडणी होती तिच्यावरच मोडेमचीही सोय असायची, त्यामुळे त्या मोडेमचा ड्रायव्हर अल्सामध्ये, म्हणजे कर्नलच्या साउंडच्या भागात, गेला, इंटेल८एक्स०एम या नावाने, इंटेलच्या साउंड ड्रायव्हरच्या शेजारी. आणि बाहेर एसएलमोडेमडी नावाचा प्रोग्रॅम बसायचा, तो साउंडमधून नमुने घ्यायचा, गणित करायचा, आणि दुसऱ्या बाजूला एक खोटं टर्मिनल तयार करायचा ज्याला एटी कमांड कळायच्या. डायल करणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला कळायचंसुद्धा नाही की पलीकडे खरा मोडेम नाही.

मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सगळ्यात स्वच्छ निर्णय हाच होता. डिव्हाइसच्या डब्यावर काय छापलंय ते न बघता ते करतं काय ते बघितलं. याच्या उलट उदाहरण आयबीएमचं. थिंकपॅड ६०० सारख्या लॅपटॉपमध्ये एमवेव्ह नावाची चिप होती, तिच्या मोडेमसाठीही कर्नलमधला एक भाग आणि बाहेरचा एक प्रोग्रॅम अशीच जोडी, पण कर्नलचा भाग गेला कॅरेक्टर ड्रायव्हर्समध्ये, म्हणजे जिथे कुठेच न बसणारी मंडळी जातात तिथे. चाललं, पण त्यातून दुसऱ्या कोणाला काही वापरता आलं नाही.

मग मोबाइलचा जमाना आला आणि थ्रीजीचे यूएसबी डोंगल आले. इथे गंमत सुरू होते. डोंगल लावला की कित्येकदा तो आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसायचा, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यातच भरलेला असायचा आणि तो आधी इन्स्टॉल व्हावा अशी कंपनीची सोय. एक ठरावीक संदेश पाठवला की तो रूप बदलून मोडेम व्हायचा. हा संदेश पाठवणार कोण? हुआवेच्या ई२२० साठी ते काम कर्नलच्या यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरने अंगावर घेतलं, म्हणून मोडेमचा कोड तिथे. पण रोज नवा डोंगल, प्रत्येकाचा संदेश वेगळा, मग ही यादी कर्नलमध्ये किती वाढवणार? शेवटी ते काम यूएसबी-मोडस्विच नावाच्या बाहेरच्या प्रोग्रॅमकडे गेलं. बरोबरच झालं. वर्षात एकदा बदलणारा कोड आणि आठवड्याला बदलणारी यादी एका जागी ठेवू नये.

रूप बदलल्यावर हा डोंगल यूएसबीवर तीन-चार सिरियल पोर्टं दाखवायचा. ती चालवायला ऑप्शन नावाचा ड्रायव्हर, जागा यूएसबी-सिरियल. साधा सिरियल ड्रायव्हर का नाही चालला? कारण त्याचा एकुलता एक छोटा रिसीव्ह बफर या वेगाला पुरेना आणि डेटा गळायला लागला, आणि बॉड रेट वगैरे गोष्टींना इथे अर्थच नव्हता, यूएसबीमध्ये कुठली आलीये तशी वायर. आणि मग डायल करायचा काय, तर चांदणी ९९ हॅश! फोन कोणालाच लागत नाही. मोडेम ती कमांड ऐकून रेडिओवरून डेटा कनेक्शन उघडतो आणि पलीकडे कोणी सर्व्हर फोन उचलतोय असं नाटक करतो. मग कॉम्प्युटर आणि मोडेम पीपीपी बोलतात, जो मुळात फोन लाइनसाठी बनलेला. त्यात डेटामध्ये १२६ किंवा १२५ हा बाइट आला की त्याच्या जागी दोन बाइट पाठवायचे, कारण १२६ ही फ्रेमच्या, म्हणजे डेटाच्या एका तुकड्याच्या, कडेची खूण. म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक बाइट तपासायचा. ५६के ला याचं काही वाटत नाही, पण एलटीईच्या १०० मेगाबिटला हेच काम सेकंदाला सव्वा कोट वेळा होतं. कशासाठी? तर नसलेल्या फोन कॉलचं नाटक टिकवण्यासाठी.

म्हणून ड्रायव्हर टीटीवायच्या मुलखातून नेटच्या मुलखात निघाला. लिनक्स ३.४ मध्ये, २०१२ ला, क्यूएमआय-डब्ल्यूवॅन आला, आणि त्याची रचना नीट बघण्यासारखी आहे. डेटासाठी सरळ नेटवर्क इंटरफेस, पॅकेट आलं-गेलं, नाटक बंद. आणि हुकुमांसाठी वेगळी एक डिव्हाइस फाइल, सीडीसी-डब्ल्यूडीएम. क्यूएमआय ही क्वालकॉमच्या मोडेमची भाषा, पण त्या ड्रायव्हरला ती भाषा जवळजवळ येतच नाही. तो संदेश फक्त इकडून तिकडे पोचवतो. समजून घेणारे बाहेर, लिबक्यूएमआय आणि मोडेममॅनेजर. लिनक्सवर असा यूएसबी मोडेम लावून एलएसयूएसबी ही कमांड पुढे वजा टी लिहून चालवली तर हे डोळ्यांनी दिसतं: एकच डिव्हाइस, त्याच्या तीन-चार इंटरफेससमोर ऑप्शन या ड्रायव्हरचं नाव आणि एकासमोर क्यूएमआय-डब्ल्यूवॅन. एकाच वस्तूला दोन ड्रायव्हर, दोन वेगवेगळ्या फोल्डरमधले, आणि दोघे सुखाने नांदतायत. "मोडेमचा ड्रायव्हर कुठे ठेवू" या प्रश्नातच खोट आहे ती ही. मोडेम हे एक डिव्हाइस नाहीच.

हुकुमांची भाषा कर्नलला का शिकवायची नाही, यावर जरा थांबू, कारण कंपन्यांचे स्वतःचे ड्रायव्हर अनेकदा हेच करायचे, आणि विचार वरवर पटतोही, की कर्नलनेच कनेक्शन जोडून द्यावं, युजरला कटकट नको. समजा सिमला पिन आहे. तो तीनदा चुकला की सिम लॉक, मग पीयूके मागतं, आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं कामातून गेलं. आता ड्रायव्हरने लक्षात ठेवलेला पिन स्वतःहून दिला, मोडेम काही कारणाने रीसेट झाला, ड्रायव्हरने परत दिला, परत रीसेट, आणि मधल्या काळात कोणी सिम बदललेलं. तीन प्रयत्न कधी संपले कळणारही नाही. पिन द्यायचा का, रोमिंगमध्ये डेटा चालू करायचा का, कुठला एपीएन, म्हणजे कंपनीच्या डेटा नेटवर्कचा कुठला प्रवेशबिंदू, वापरायचा, हे माणसाला विचारून घ्यायचे निर्णय आहेत, आणि कर्नल माणसाला काही विचारू शकत नाही. शिवाय मोडेमच्या आत स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःचं फर्मवेअर असतं, तिकडून आलेला वेडावाकडा संदेश वाचताना बाहेरचा प्रोग्रॅम कोसळला तर तो परत चालू करता येतो, कर्नल कोसळला तर सगळंच गेलं.

विंडोजचा रस्ताही फार वेगळा नाही, तेवढं सांगून पुढे जातो. विंडोज ९५ मध्ये युनिमोडेम नावाचा एकच सामाईक ड्रायव्हर आणि प्रत्येक मॉडेलच्या एटी कमांडची वेगळी आयएनएफ फाइल असायची. विंडोज ७ पासून मोबाइल ब्रॉडबँड एनडीआयएस या नेटवर्क ड्रायव्हरांच्या चौकटीत गेलं, आणि विंडोज ८ मध्ये एमबीआयएम या प्रमाणित पद्धतीचा ड्रायव्हर आतच आला.

यूएसबीनंतर पीसीआय-एक्स्प्रेसचे मोडेम आले आणि भिजत पडलेलं घोंगडं परत वर आलं. क्वालकॉमच्या अशा मोडेमशी बोलायची पद्धत एमएचआय, म्हणजे मोडेम होस्ट इंटरफेस, त्यात एकाच जोडणीवर अनेक चॅनलं: एक डेटाचं, एक क्यूएमआयचं, एक एटीचं, एक डायग्नोस्टिकचं. हे ठेवायचं कुठे? नावात मोडेम आहे म्हणून मोडेमबरोबर? पण हीच पद्धत क्वालकॉमच्या वायफाय चिपही वापरतात. म्हणून एमएचआय गेलं बसच्या, म्हणजे डिव्हाइस जोडायच्या मार्गांच्या, फोल्डरमध्ये, लिनक्स ५.७ मध्ये, २०२० ला. ठीक. डेटाचं चॅनल नेटमध्ये, त्यावरही फार वाद नाही. भांडण झालं ते हुकुमांच्या चॅनलांवरून. एक सरसकट ड्रायव्हर सुचवला गेला, जो कुठलंही चॅनल एक डिव्हाइस फाइल म्हणून बाहेर उघडं करून देईल, मग आत काय बोलायचं ते बोला. नेटवर्कवाल्या मेंटेनरांनी नाकं मुरडली, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. अशी बिननावाची नळी एकदा उघडली की प्रत्येक कंपनी आपली खासगी भाषा त्यातून चालवणार, प्रत्येक मोडेमला वेगळा प्रोग्रॅम लागणार, आणि वर सांगितल्याप्रमाणे ती नळी मग कायमची, बंद करता येत नाही.

त्यातून निघालेला तोडगा म्हणजे डब्ल्यूवॅन फ्रेमवर्क, लिनक्स ५.१३, २०२१, जागा नेटच्या आत. यात पोर्ट उघडायचं तर ते कुठल्या प्रकारचं ते सांगावं लागतं: एटी, क्यूएमआय, एमबीआयएम अशी ठरलेली यादी. नावंही ठरलेली, डब्ल्यूवॅन०एटी०, डब्ल्यूवॅन०क्यूएमआय० अशी. आणि महत्त्वाचं म्हणजे ही सगळी पोर्टं एकाच मोडेमची आहेत हे कर्नलला पहिल्यांदाच नीट कळतं. आधी मोडेममॅनेजरला यूएसबीचा पत्ता बघून अंदाज बांधावा लागायचा की हे सिरियल पोर्ट, ही फाइल आणि तो नेटवर्क इंटरफेस एकाच डब्यातले असावेत. आणखी एक किचकट काम या फ्रेमवर्कने एकदाच नीट केलं. मोडेमचं फर्मवेअर कोसळलं आणि तो बसवरून गायब झाला तेव्हा बाहेरच्या प्रोग्रॅमने त्याची फाइल उघडीच धरून ठेवलेली असते. तिच्यामागची मेमरी लगेच सोडली तर कर्नल नसलेल्या गोष्टीला हात लावणार, सोडलीच नाही तर गळती. प्रत्येक ड्रायव्हरने हे आपापलं लिहिलं तर प्रत्येकात वेगळी चूक. इंटेलचा आयओएसएम ५.१४ मध्ये आणि मीडियाटेकचा टी७एक्सएक्स ५.१९ मध्ये याच छपराखाली आले, त्यांना हे परत लिहावं लागलं नाही.

फोनमध्ये, जिथे मोडेम मुख्य चिपमध्येच असतो, तिथे अजून फाटाफूट. क्वालकॉमच्या चिपांवर फर्मवेअर भरून मोडेम चालू करणं रिमोटप्रोककडे, म्हणजे मुख्य प्रोसेसरशिवायचे इतर प्रोसेसर सांभाळणाऱ्या भागाकडे, हुकुमांचे संदेश क्यूआरटीआर नावाच्या सॉकेटमधून, म्हणजे नेटवर्क प्रोटोकॉलांच्या फोल्डरमध्ये, आणि डेटा आयपीए ड्रायव्हरमधून. सोर्स पहिल्यांदा वाचणाऱ्याची दमछाक होते, पण प्रत्येक तुकडा आपापल्या जागी का आहे ते सांगता येतं. निदान बहुतेकांचं.

मायक्रोकर्नलवाले, म्हणजे कर्नलमध्ये कमीत कमी ठेवावं असं मानणारे, म्हणतील की हा सगळा घोळच नको, ड्रायव्हर कर्नलमध्ये ठेवताच कशाला. क्यूएनएक्स किंवा मिनिक्स ३ मध्ये ड्रायव्हर ही वेगळी प्रोसेस असते, मिनिक्समध्ये तर कोसळलेला ड्रायव्हर परत उभा करणारा एक सर्व्हरच आहे. पण त्यामुळे प्रश्न संपत नाही, फक्त जागा बदलतो: कुठल्या प्रोसेसमध्ये, कुणाच्या परवानगीने, कुणाशी बोलणारा. आणि पीसीआयवरचा मोडेम स्वतः मेमरीत लिहू शकतो, मध्ये आयओएमएमयूचा, म्हणजे कुठल्या डिव्हाइसने कुठल्या मेमरीला हात लावायचा ते ठरवणाऱ्या सर्किटचा, पहारा नसेल तर ड्रायव्हर कितीही बाहेर ठेवा, मोडेमचं बिघडलेलं फर्मवेअर कर्नलच्या मेमरीवर थेट लिहू शकतं.

एक तुकडा मात्र अजून तसाच लटकलेला आहे. बऱ्याच यूएसबी मोडेममध्ये जीपीएसही असतो, आणि तो ऑप्शन ड्रायव्हरच्या एखाद्या सिरियल पोर्टावर अक्षांश-रेखांशांच्या ओळी सोडत बसतो. २०१८ मध्ये लिनक्स ४.१९ ला जीपीएससारख्या रिसीव्हरांसाठी जीएनएसएस नावाचं स्वतंत्र घर आलं, म्हणजे कागदोपत्री त्याची जागा तिकडे. पण ते पोर्ट टीटीवाय म्हणून उघडणारे प्रोग्रॅम आधीपासून चालू आहेत, उद्या ते तिकडे हलवलं तर त्यांना त्या नावाची फाइलच सापडणार नाही, त्यामुळे नवीन कोणाला तिकडे घ्यायचं असेल तर घ्या, जुन्यांचं टीटीवायमधलं पोर्ट आहे तिथेच राहतं.